निघालेले आणि बसलेले

सरांना बोट लागायची. खोल समुद्राच्या तळाशी राहणाऱ्या जिवांवर ज्या माणसानं उमेदीची सगळी वर्षं घालवली, त्याला बंदर सोडल्यावर तासाभरात ओकाऱ्या सुरू व्हायच्या. हे त्यांनी स्वतःच मला पहिल्या आठवड्यात सांगितलं.

"बादली मांडीवर आणि डोळा सूक्ष्मदर्शकाला," ते म्हणाले. "बादली बदलायला माणूस होता. नमुना बघायला माझ्याशिवाय कोणी नव्हतं."

"मग तिथून खोपोलीला कसे आलात?"

"गाडी इथं संपते म्हणून."

मी हसले. ते हसले नाहीत. पुढे लक्षात आलं की हा माणूस विनोद करत नाही, आणि आपण हसलो की त्याच्या मनातून थोडे उतरतो.

मी त्या कॉलेजात प्रयोगशाळा सहायक. काचसामान धुणं, बरण्यांमधलं फॉर्मलिन बदलणं, प्रॅक्टिकलची मांडामांड, हे माझं काम. सगळे मला ताई म्हणतात. सर एकटे 'बाई' म्हणायचे, तेही शाळेतल्या बाईंना म्हणावं तसं नव्हे, तर नाव लक्षात ठेवायचा कंटाळा म्हणून. आमचं कधी जमलं असं मी म्हणणार नाही. ते कॉलेज सोडून गेल्यावर लोक त्यांच्याबद्दल गोड बोलू लागले. मला ते जमत नाही. अत्यंत त्रासदायक माणूस होता. डबा उभ्यानं खायचा, तोही माझ्या ओट्यावर. हात जेवणाआधी तीनदा धुवायचा आणि जेवल्यावर पँटला पुसायचा. विद्यार्थ्यानं चुकीचं उत्तर दिलं तर रागवायचा नाही, त्याच्याकडे फार वेळ बघत राहायचा. त्यापेक्षा रागावणं परवडलं.

'अळी' हा शब्द त्यांना चालत नसे. पुस्तकात आहे म्हटलं तरी चालत नसे. त्याला कारण होतं. पहिल्याच वर्षी पालकसभेत त्यांनी उत्साहानं सांगितलं की आपण समुद्रातल्या अळ्यांचा अभ्यास करतो. मागच्या रांगेतून खालापूरकडचे एक शेतकरी उठले. "सर, आमच्या वांग्यावर लय आळी पडलीय. औषध कुठला मारायचा?" सभा हसली. सर स्टेजवरून उतरून सरळ बाहेर गेले. तेव्हापासून त्यांचे दोनच शब्द: निघालेले आणि बसलेले. समुद्रातले शिंपले, गोगलगायी, किडे मोठे झाले की एका जागी ठाण मांडतात, ते बसलेले. त्यांची पिल्लं मोहरीच्या दाण्याहून बारीक असतात, आईबापासारखी दिसतही नाहीत, आणि जन्मताच पाण्याबरोबर वाहत सुटतात. ते निघालेले.

हे शब्द त्यांनी माणसांनाही लावले. "प्राचार्य बसलेले आहेत," असं ते सरळ म्हणायचे. एकदा मला विचारलं, "बाई, जन्म कुठला?"

"कुंभिवली."

"राहता कर्जतला. पोचलात कशा?"

"लग्न करून."

"ते साधन झालं. तिथंच का? वाटेत खालापूर लागतं, खोपोली लागते. तिथं का नाही टेकलात?"

"स्थळ कर्जतचं आलं होतं सर. मी काय वाटेत उडी मारणार होते?"

यावर त्यांनी बराच विचार केला. "म्हणजे वास आला तिथं उतरलात," असं म्हणून ते वर्गावर गेले. घरी सांगितलं तर मालक चिडले. नंतर कळलं, सरांच्या भाषेत तो अपमान नव्हता. निघालेलं पिल्लू उगाच कुठंही बसत नाही. योग्य जागेचा वास, म्हणजे तिथल्या पाण्यातलं काहीतरी, त्याला कळतं. तोवर ते मोठं होणं लांबणीवर टाकतं.

शिकवायचे मात्र असं की कळायचंच. काही पिल्लं डबा बांधून निघतात, अंड्यातला बलक बरोबर असतो. काही रिकाम्या हातानं निघतात आणि वाटेत मिळेल ते खातात. "आता सांगा, जास्त लांब कोण जाईल?" मुलं म्हणायची, वाटेत खाणारं. "आणि वाटेत काहीच मिळालं नाही तर? तळाशी पाणी बर्फासारखं थंड. थंडीत शरीर हळू चालतं, भूक कमी लागते. डबा महिनोन्‌महिने पुरतो." मग थांबून म्हणायचे, "तरी बहुतेक मरतात." हे त्यांचं पालुपद. नापास झालेल्या मुलाच्या आईला त्यांनी हेच ऐकवलं, धीर द्यायला. ती बाई माझ्या ओट्याशी बसून अर्धा तास रडली. पाणी मीच दिलं.

एका पावसाळ्यानंतर त्यांनी बाटल्यांची बुचं गोळा केली. त्यांवर नंबर घातले आणि वीजकेंद्राचं पाणी जिथं पाताळगंगेत सुटतं त्याच्या खालच्या अंगाला उभं राहून ती नदीत टाकली. ज्या मुलांची गावं नदीकाठी आहेत त्यांनी शोधायची. शंभरेक असतील. महिनाभरात हाती लागलं एक. ज्या मुलीनं आणलं तिला वाटलं, सर शाबासकी देतील. सरांनी तिची उलटतपासणी घेतली.

"कुठं अडकलं होतं?"

"जाळीत, सर. काकांच्या मासे धरायच्या."

"जाळी नेहमी तिथंच असते?"

"नाय सर. त्याच दिवशी लावली होती."

सर खूश झाले. हात चोळत माझ्याकडे आले. "बघा बाई. एक पोचलं. तेही जाळी होती म्हणून. दुसऱ्या दिवशी आलं असतं तर गेलं असतं खाडीत." प्राचार्यांनी मात्र त्यांना बोलावून नदीत कचरा टाकल्याबद्दल समज दिली. सरांनी ती उभ्यानं ऐकली आणि विचारलं, "तुम्हाला एखादं सापडलं का?"

त्यांचं स्वतःचं गाव कोणतं, हे कोणाला कळलं नाही. विचारलं की म्हणायचे, "बसलो तिथलं." आमचे शिपाई मामा पंचवीस वर्षं त्या कॉलेजात आहेत, साऱ्यांच्या सोयऱ्याधायऱ्यांची खबर ठेवून. ते म्हणायचे, "सरांना गाव नाय ताई. आसा मानूस मी पयला बघतोय."

त्यांच्याजवळ होतं ते एक लाकडी कपाट. प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात त्यांनी ते स्वतः आणून ठेवलं होतं. आत लाकडी पेट्या, पेट्यांत भोकं, भोकांत बोटाएवढ्या काचेच्या कुप्या. प्रत्येक कुपीत स्पिरिट, तळाशी तपकिरी गाळासारखं काहीतरी, आणि एक कागदाची चिठ्ठी. चिठ्ठीवर पेन्सिलीनं ठिकाण, खोली, तारीख. बाहेरून काही नाही. वही नाही, रजिस्टर नाही.

मी एकदा म्हटलं, "सर, एक यादी करून ठेवू का?"

"वही हरवते. ओली होते. उंदीर खातो. जे काही आहे ते कुपीच्या आत पाहिजे. कुपी आणि चिठ्ठी वेगळी झाली की दोन्ही मेली."

बोटीवरून उतरताना नमुन्यांचा जो जादा वाटा नियमानं त्यांना ठेवू दिला होता, तो हा. त्यातली एक कुपी त्यांनी मला भिंगाखाली दाखवली. तिच्या गळ्याला लाल रबर होतं. आत निघालेल्या गोगलगायींचे बारीक तपकिरी शंख, ज्वारीच्या कण्यांसारखे.

समुद्राच्या तळाला भेगा असतात, त्यांतून उकळतं पाणी येतं, आणि त्या झऱ्याभोवती जिवांची दाट वस्ती होते. झरा बंद पडला की वस्ती मरते. बसलेल्यांना उठून जाता येत नाही. नवीन झऱ्यापर्यंत पोचतात ते फक्त निघालेले. असे तपकिरी शंख सरांना समुद्राखालच्या एका डोंगररांगेवरच्या पाण्यात पुष्कळ मिळाले होते. आणि फक्त एकदा, तिथून फार लांब, दुसऱ्याच रांगेवर, जिथं पोचायला या पिल्लांना समुद्रात महिने काढावे लागले असते. ती ही लाल रबराची कुपी.

"एकाच रक्ताचे असतील तर लांबच्यांचा आणि जवळच्यांचा संबंध आहे," सर म्हणाले. "नसतील तर नाही."

"असला काय, नसला काय. आपल्याला काय फरक पडतो?"

त्यांनी माझ्याकडे ते फार वेळ बघणं बघितलं. मग विचारलं, "तुमच्या गावामागं टेकडी आहे ना?"

"होती. मुरूम उचलून नेला. अर्धीच राहिलीय."

"तिथं काय यायचं?"

"करवंदं. आता काही येत नाही."

"शेजारच्या टेकडीवर आहेत?"

"आहेत."

"मग एखादा पक्षी आणून टाकेल कधीतरी बी. त्या झऱ्यांभोवती धातू साचतो. तो खरवडून काढायचे बेत चाललेत. समुद्रात शेजारची टेकडी आहे की नाही, एवढंच मला हवंय. नसेल तर जे खरवडलं ते कायमचं गेलं."

हे मला कळलं. एकदाच, पण चांगलं कळलं. म्हणून मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

त्यांच्या निवृत्तीच्या वर्षी एका संशोधन संस्थेतल्या तरुण शास्त्रज्ञ मुलीची मेल आली. आता जुन्या, स्पिरिटमध्ये ठेवलेल्या इवल्या जिवांचंही रक्त, म्हणजे डीएनए, वाचता येतं. तुमच्याकडे अशा कुप्या आहेत असं ऐकलं, येऊ का? सरांनी त्या मेलची प्रिंट काढून शर्टाच्या खिशात ठेवली. दिवसातून चारदा काढून वाचायचे. डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता, म्हणून नाकाला लावून वाचायचे. ती यायच्या आधी डोळे करून घ्यावेत म्हणून ते पनवेलला ऑपरेशनला गेले. जाताना मला म्हणाले, "बाई, कपाटाला मामांना हात लावू देऊ नका."

त्याच पंधरवड्यात मूल्यांकन समिती येणार होती. प्राचार्यांनी प्रत्येक खोलीत येऊन सांगितलं, सगळं चकाचक पाहिजे. मी ते कपाट उघडलं. चिठ्ठ्या पिवळ्या पडलेल्या, कडा कुरतडल्यासारख्या, सरांचं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. मामांना हात लावू द्यायचा नाही, म्हणजे हे काम मीच करायचं, असा मी अर्थ घेतला. आणि माझं अक्षर चांगलं आहे. कॉलेजातला प्रत्येक फलक माझ्या हातचा आहे.

चार दिवस बसले. एकेक कुपी उघडायची, चिमट्यानं चिठ्ठी काढायची, पांढऱ्या जाड कागदावर निळ्या बॉलपेननं तीच अक्षरं उतरवायची, नवी चिठ्ठी कुपीखाली सरकवायची. एक काना-मात्रा चुकवली नाही. शाई नीट वाळू दिली. जुन्या चिठ्ठ्या मामांनी मागच्या बाजूला कचऱ्याबरोबर जाळल्या. लाल रबर विरघळून काचेला चिकटलं होतं, ते ब्लेडनं खरवडून टाकलं. शेवटच्या संध्याकाळी सगळ्या चिठ्ठ्या आत घातल्या, कमी झालेलं स्पिरिट काठोकाठ भरलं, आणि कुप्या उंचीप्रमाणे ओळीत लावल्या, म्हणजे नजरेला बऱ्या दिसाव्यात. पेट्यांची झाकणं लावली. समितीनं झाकणांवर मी लिहिलेलं 'समुद्रातले नमुने' वाचून मान डोलावली.

आमच्या बाकीच्या बरण्या फॉर्मलिनच्या. त्यांच्या चिठ्ठ्या बाहेरून चिकटवलेल्या. स्पिरिटमध्ये बॉलपेनची शाई राहत नाही, पेन्सिलच राहते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.

सर काळा चष्मा लावून परतले. ती शास्त्रज्ञ मुलगी बर्फाची पेटी घेऊन आली त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा झाकण उघडलं. मी चहा घेऊन उभी होते. पेटीतल्या सगळ्या कुप्यांमध्ये फिकट निळं पाणी होतं. गौरी-गणपतीला सजावटीत ठेवतात तसं, दिसायला छान. आणि प्रत्येकात एक कोरा पांढरा कागद.

सरांनी चष्मा काढला. एक कुपी उचलली, दुसरी उचलली, मग पुढच्या पेटीचं झाकण उघडलं. तिथंही निळंच.

"हे कोणी केलं?"

"मी," मी म्हणाले.

"जुन्या चिठ्ठ्या?"

"जाळल्या."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते स्टुलावर बसले आणि त्या मुलीला म्हणाले, "तुमचा फेरा फुकट गेला." ती बिचारी गोंधळली. तिनं समजुतीनं सांगितलं की प्राणी चांगले आहेत, रक्त वाचता येईलही, पण कुठला कोण हे माहीत नसेल तर वाचून काय करायचं? मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मॅडम, तुम्ही स्वतः प्रत्येक कुपी हाताळलीय. एखादी जरी खात्रीनं ओळखता आली, आणि तुम्ही तसं सहीनिशी लिहून दिलंत, तर तेवढी मी घेऊन जाईन. मी आहे तीन दिवस."

ती लॉजवर गेल्यावर मी सरांना म्हटलं, "सर, तुम्ही तर या नुसत्या बघून ओळखता. अंदाजानं लिहून टाका. मी चिठ्ठ्या करते, पेन्सिलीनं."

"दिसायला सारखे म्हणून एका ठिकाणचे, असं लिहू?"

"काय हरकत आहे?"

"बाई, प्रश्नच तो आहे. दिसायला सारखे आहेत, तर एका ठिकाणचे आहेत का? मीच उत्तर लिहून आत टाकलं तर ती मुलगी वाचणार काय? माझं अक्षर?"

मग त्यांनी पेन्सिल माझ्या हातात दिली. "लिहा. ठिकाण माहीत नाही. एकेका कुपीला एकेक चिठ्ठी. पाटीच राहिली नाही तर पुढचा माणूस काहीतरी ठरवून मोकळा होईल."

तीन दिवस मी 'ठिकाण माहीत नाही' लिहीत होते. सर समोर बसून प्रत्येक चिठ्ठी आपल्या हातानं आत घालायचे. अधूनमधून एखादी कुपी उजेडाकडे धरायचे, काहीतरी पुटपुटायचे, परत ठेवायचे. एका शब्दानं मला बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी दुपारी मी म्हटलं, "सर, शिव्या तरी द्या."

"त्यानं काय होईल?" असं म्हणून त्यांनी पुढची चिठ्ठी मागितली.

शेवटी एक कुपी उरली. ती त्यांनी मुद्दाम बाजूला काढून ठेवली होती. आत तपकिरी शंख. तशा शंखांच्या पंधरा-वीस कुप्यांना आम्ही चिठ्ठ्या लावून झाल्या होत्या. ही त्यांनी माझ्यासमोर ठेवली. ऑपरेशन झालेल्या डोळ्यातून पाणी येत होतं, ते हातरुमालानं टिपत होते.

"बाई, लाल रबर हिलाच होतं ना?"

मी कुपी हातात घेतली. काच स्वच्छ होती. मी ब्लेडनं खरवडून पुसली होती, तेव्हा स्वच्छ असणारच. मला ब्लेड आठवत होतं. रबराचा चिकट वास आठवत होता. मामांनी त्याच वेळी चहा आणला होता, हेही आठवत होतं. कुपी आठवत नव्हती.

"नाही आठवत, सर."

"नीट बघा. गळ्याशी एक चरा आहे. ब्लेडचा असेल."

"चरे तीन-चार कुप्यांना आहेत."

"पण हिचाच असेल." ते पुढे वाकले. "ती मुलगी पाचच्या गाडीनं जाईल. तुम्ही हो म्हणालात तर ती घेऊन जाईल. तुमची सही चालेल, ती म्हणालीय."

तीन दिवस अंदाजाचं एक अक्षर लिहू न देणारा माणूस माझ्याकडे असा बघत होता. मी परत कुपी उजेडाकडे धरली. हो म्हणणं अगदी सोपं होतं. कोणालाही कळलं नसतं, त्यांनाही नाही, आणि त्यांना ते माहीत होतं.

"नाही आठवत," मी म्हणाले. "खरंच नाही."

"बरं," सर म्हणाले.

मी लिहिलं. ती चिठ्ठी त्यांनी आत घातली नाही. मीच घातली. ते स्टेशनवर त्या मुलीला रिकामी पेटी घेऊन सोडायला गेले. एप्रिलअखेर ते निवृत्त झाले, आणि खोली सोडून कुठं गेले ते घरमालकालाही सांगितलं नाही. कपाट अजून इथंच आहे. विद्यार्थी विचारतात तेव्हा मी सांगते, समुद्रातले नमुने आहेत, ठिकाण माहीत नाही.

ती मुलगी गेली त्या संध्याकाळी मी ओटा आवरत होते. मामा कपबश्या न्यायला आले. दारात उभं राहून त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"ताई, एक हो बोलायला काय जात होता तुमचा? म्हातारा खुशीत गेला असता."

मी तीन दिवसांची दमले होते. मी फटकन म्हणाले, "आणि मामा, त्या चिठ्ठ्या जाळायच्या आधी एकदा मला विचारायला तुमचं काय जात होतं?"

मामांनी बश्या एकात एक घातल्या, कप वर ठेवले.

"विचारलेला ताई," ते म्हणाले. "तुमी बोललात, कचरा हाय."